पोहणारे सूक्ष्मजीव आणि पाण्याचं बळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळ्याच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पाहणारा पहिलं मिनिटभर गप्प असतो आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांच्या पोटात एक समजूत दडलेली असते : जीव जिकडे जातो तिकडे तो आपल्या मर्जीने जातो. पुढे सरकण्याची ताकद त्याची असते हे खरं. पण तोंड कुठे वळणार, हे पुष्कळदा पाणीच ठरवतं.

जिवाणू पोहतो, आपणही पोहतो. फरक फक्त आकाराचा ना?

आकाराचाच, पण त्या फरकाने सगळे नियम उलटेपालटे होतात. विहिरीत पोहणारा माणूस हाताने पाणी मागे लोटतो आणि त्याच्या बदल्यात पुढे जातो. कठड्याला पाय लावून एक रेटा दिला की हातपाय न हलवताही तो दोन-तीन मीटर सरकतो. हे घडतं जडत्वामुळे.

जिवाणूच्या जगात जडत्वाला कोणी विचारत नाही. तिथे सत्ता श्यानतेची, म्हणजे पाण्याच्या आतल्या घर्षणाची, साध्या शब्दांत पाण्याच्या चिकटपणाची. पाणी तेच असतं, तुमच्या तांब्यातलंच. पण जीव जितका लहान आणि संथ, तितका त्याला त्या पाण्याचा चिकटपणा जास्त जाणवतो.

रेनॉल्ड्स अंक हा शब्द सगळीकडे येतो. सूत्र न मांडता सांगता येईल का?

येईल. जडत्वाचं बळ आणि श्यानतेचं बळ यांचं गुणोत्तर म्हणजे रेनॉल्ड्स अंक. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीतून पाणी सोडून त्यात रंगाची धार मिसळली आणि ती कधी सरळ राहते, कधी विस्कटते ते पाहिलं. हा अंक त्या कामातून आला. लांबीला वेगाने गुणायचं आणि द्रवाच्या श्यानतेने (घनता हिशोबात धरून) भागायचं, एवढंच ते गणित. ते करून पाहू.

पाण्यात सेकंदाला एक मीटर वेगाने पोहणाऱ्या माणसाचा रेनॉल्ड्स अंक सुमारे १७ लाख येतो. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू दोन मायक्रॉन लांब असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि सेकंदाला साधारण ३० मायक्रॉन पोहतो. त्याचा अंक येतो ०.००००६. दोघांत सुमारे २,८०० कोटी पटींचा फरक आहे. पॅरामेशियम हा सूक्ष्मजीवांतला दांडगा गडी, पाव मिलिमीटरच्या आसपास लांब आणि सेकंदाला मिलिमीटरभर पळणारा. तरी त्याचा अंक एकाच्या खालीच राहतो.

विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत द्रव आणि वायू या दोघांना मिळून ‘द्रायू’ असा एक सुटसुटीत शब्द आहे. तो फारसा रुळला नाही याचं मला वाईट वाटतं.

‘जिवाणूला पाणी मधासारखं वाटतं’ असं म्हणतात ते खरं का?

अर्धंच खरं. माणूस मधात उतरला तरी जिवाणूच्या परिस्थितीच्या जवळपासही पोहोचत नाही. मधाची श्यानता पाण्याच्या दहा हजार पट धरली, तर मधाच्या हौदात जिवाणूइतका रेनॉल्ड्स अंक मिळवायला तुम्हाला इतकं सावकाश पोहावं लागेल की दिवसभरात जेमतेम दोन सेंटिमीटर अंतर कापलं जाईल. म्हणजे मधही हवा आणि कासवाला लाजवेल असा संथपणाही हवा.

जिवाणूने पोहणं एकदम थांबवलं तर तो किती पुढे घरंगळतो?

हायड्रोजनच्या एका अणूच्या व्यासाच्या दहाव्या भागाइतकाही नाही, आणि तेवढ्याला एक मायक्रोसेकंदही लागत नाही. थांबला म्हणजे थांबला. आत्ता या क्षणी जे बळ लागतंय तेवढीच गती. मागच्या क्षणाची पुण्याई इथे पुढच्या क्षणाला कामी येत नाही.

मग वल्हं मारून पुढे जाता येणार नाही?

साधं वल्हं मारून नाही, आणि या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

एडवर्ड पर्सेल हे हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांना १९५२ चं नोबेल अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुस्पंदनासाठी मिळालं होतं, म्हणजे ज्या तत्त्वावर आज एमआरआय चालतं त्यासाठी. जिवाणू हा त्यांचा मूळ विषय नव्हता. १९७६ मधल्या एका व्याख्यानात (ते छापून आलं १९७७ मध्ये) त्यांनी एक साधा दाखला दिला. स्कॅलॉप नावाचा एक शिंपला असतो. तो आपली दोन झाकणं हळूहळू उघडतो आणि फटकन मिटतो. मिटताना पाणी मागे उसळतं आणि शिंपला पुढे जातो. समुद्रात हे छान चालतं. पण हाच शिंपला जिवाणूएवढा केला तर? उघडताना जितका मागे जाईल, नेमका तितकाच मिटताना पुढे येईल. उघडणं सावकाश आणि मिटणं झटकन असलं तरी फरक पडत नाही, कारण जडत्व नसल्यावर वेळेचा हिशोबच गळून पडतो. उरतो तो फक्त हालचालींचा क्रम. तो क्रम पुढून वाचला काय आणि मागून वाचला काय, ‘चिमा काय कामाची’ सारखा एकच निघत असेल, तर दिवसभर हालचाल करूनही जीव जागच्या जागी.

शरीरात एकच बिजागरी असली की बिचाऱ्याकडे दुसरा क्रमच नसतो. पुढे जायचं तर हालचालीचं चक्र असं हवं की उलटं फिरवल्यावर ते वेगळं दिसेल. हा नियम ‘स्कॅलॉप सिद्धांत’ म्हणून ओळखला जातो.

एक पळवाट आहे. हा नियम पाण्यासारख्या साध्या द्रवांपुरता खरा. जे द्रव ढवळण्याच्या वेगाप्रमाणे पातळ किंवा दाट होतात (सांधे आणि डोळ्यांतले द्रव तसे असतात) तिथे तो मोडतो. २०१४ मध्ये संशोधकांनी अशा द्रवात खरोखरच एक चिमुकला यांत्रिक शिंपला पोहवून दाखवला.

मग सूक्ष्मजीव हा नियम कसा चुकवतात?

दोन मुख्य तऱ्हा आहेत. एक, लवचीक शेपटीतून लाट सोडणं. दुसरी, ताठ नागमोडी दोरा स्क्रूसारखा फिरवणं. लाट उलटी चालवली तर ती उलट्या दिशेची लाट होते आणि स्क्रू उलटा फिरवला तर तो बाहेर येतो. दोन्हींत क्रम उलटवल्यावर चित्र बदलतं, म्हणून दोन्ही चालतात.

पहिल्या तऱ्हेचं गणित ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९५१ मध्ये मांडलं. शेपटी सोडून त्यांनी नुसता एक लाटा मारणारा पातळ पडदा कल्पिला आणि दाखवलं की जडत्व शून्य धरलं तरी तो पडदा पुढे सरकतो. लाट धावते एकीकडे, पडदा जातो दुसरीकडे. तोवर ‘जडत्व नाही तर पोहणं नाही’ असं वाटणाऱ्यांना त्यांनी कागदावरच उत्तर दिलं.

पण बळ नक्की येतं कुठून?

एका साध्या असमानतेतून. बारीक लांब काडी चिकट द्रवातून लांबीच्या दिशेने ओढायला जेवढं बळ लागतं, त्याच्या जवळपास दुप्पट ती आडवी ओढायला लागतं. म्हणून तिरपी धरलेली काडी खाली सोडली तर ती सरळ खाली न जाता बाजूला सरकत जाते. शेपटीचा प्रत्येक तुकडा म्हणजे अशीच एक तिरपी काडी. तो खालीवर होतो आणि पाणी त्याला थोडं पुढेही ढकलतं. सगळ्या तुकड्यांची खालीवर बळं एकमेकांना मारतात आणि पुढच्या बळांची बेरीज होते. ग्रे आणि हँकॉक यांनी १९५५ मध्ये समुद्री अर्चिन या काटेरी, गोल समुद्री प्राण्याच्या शुक्राणूंसाठी हा हिशोब केला आणि प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाशी तो चांगला जुळला.

दुप्पट हा आकडा दिसायला किरकोळ आहे. पण दोन्ही दिशांचा विरोध समान असता, तर कुठलीही शेपटी कुणाला पुढे नेऊ शकली नसती.

जिवाणूची शेपटी वळवळते की फिरते?

फिरते. अगदी मोटारीच्या आसासारखी. जिवाणूच्या या दोऱ्याला मराठीत कशाभिका म्हणतात. वळवळ पाहिल्याचा भास होतो, कारण मळसूत्री दोरा फिरताना बाजूने लाटेसारखाच दिसतो. त्या दोऱ्याच्या बुडाशी खरीखुरी मोटर असते आणि ती पेशीच्या आवरणातून आत येणाऱ्या प्रोटॉनांच्या प्रवाहावर चालते. १९७३ मध्ये हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी हे मांडलं. पुढच्याच वर्षी सिल्व्हरमन आणि सायमन यांनी जिवाणूचा दोराच काचेला चिकटवून टाकला, तेव्हा अख्खा जिवाणू गरगर फिरताना दिसला.

आपल्या पेशींची गोष्ट निराळी. शुक्राणूची शेपटी खरोखर वळवळते. तिच्या लांबीभर छोट्या प्रथिन-मोटरी बसवलेल्या असतात. नाव दोघांचंही कशाभिका, पण रचनेच्या दृष्टीने दोघींचं नातं बैलगाडी आणि मोटारगाडीइतकंच.

दोरा एका दिशेने फिरला की अंग उलट दिशेने फिरतं, कारण पाण्यात तरंगणाऱ्या जीवाला टेकायला काही नसतं. पुढे एका प्रश्नात ही गोष्ट लागणार आहे.

जिवाणू दिशा कशी धरतो?

धरतच नाही, आणि धरली तरी टिकत नाही. पाण्याचे रेणू त्याला सतत धक्के देत असतात, आणि दहा-एक सेकंदांत तो मूळ दिशेपासून चांगलाच भरकटतो. म्हणून ई. कोलाय साधारण सेकंदभर सरळ धावतो, मग सेकंदाच्या दहाव्या भागापुरता गोंधळ घालतो (त्याला असे दोरे अनेक असतात; मोटारी उलट्या फिरतात आणि त्या दोऱ्यांची जुडी सुटते) आणि कुठल्यातरी नव्या दिशेने निघतो. वळण सरासरी सत्तरेक अंशांचं असतं. चालू धाव अन्नाकडे नेते आहे असं ‘वाटलं’ तर तो गोंधळ थोडा लांबणीवर टाकतो. झालं. सुकाणू नाही, तरी सरासरीने तो अन्नाजवळ पोहोचतो.

अन्न वाढतंय की घटतंय हे कळायला तो गेल्या काही सेकंदांचीच आठवण ठेवतो. जास्त ठेवून उपयोगही नाही. तोवर पाण्याने तोंडच दुसरीकडे फिरवलेलं असतं.

जागेवर उभं राहून पाणी ढवळलं आणि अन्न जवळ ओढलं तर?

व्यर्थ. साखरेसारखे छोटे रेणू आपणहूनच इतक्या वेगाने पसरतात की जिवाणूच्या ढवळण्याने त्यात काही भर पडत नाही. पर्सेल यांनी हेही दाखवलं : पोहून फायदा व्हायचा तर किमान तीसेक मायक्रॉन तरी जायला हवं. ई. कोलायची एक धाव किती सेकंदांची आणि त्याचा वेग किती, हे वर आलंच आहे. गुणाकार करून पाहा.

पोहणारा जीव आजूबाजूचं पाणी कसं हलवतो?

इथे दोन जाती पडतात, ढकलणारे आणि ओढणारे. ई. कोलाय आणि शुक्राणू यांचं इंजिन मागे असतं. ते पाणी पुढे आणि मागे सारतात आणि बाजूंनी आत ओढतात. क्लॅमिडोमोनास हे दहा मायक्रॉनचं हिरवं शेवाळ दोन हातांसारख्या कशाभिकांनी छातीपोहणीसारखं (ब्रेस्टस्ट्रोक) पोहतं, सेकंदाला पन्नासेक फटके मारत. त्याचं इंजिन पुढे, म्हणून पाण्याचे बाण बरोबर उलटे.

शेजाऱ्यांचं एकमेकांशी काय होणार, ते या फरकावर ठरतं. ढकलणाऱ्यांची गर्दी वाढली की भोवरे आणि झुंडी उठतात. शिवाय त्यांच्या हालचालीने द्रव पातळ झाल्यासारखा वागतो. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी ई. कोलायच्या मिश्रणाची श्यानता मोजली, तेव्हा योग्य परिस्थितीत ती जवळजवळ शून्यावर आलेली आढळली. फुकटची ऊर्जा वगैरे काही नाही. द्रव हलवण्याचं काम तुमच्याऐवजी जिवाणू करत होते, अन्न खाऊन. क्लॅमिडोमोनासच्या मिश्रणात उलट घडतं, श्यानता वाढते.

काचपट्टीच्या पृष्ठभागाजवळच सगळे का गोळा होतात? आणि गोल गोल का फिरतात?

हा प्रश्न सूक्ष्मदर्शक हाती आलेला प्रत्येक विद्यार्थी विचारतो. लॉर्ड रॉथशील्ड यांनी १९६३ मध्ये बैलाच्या शुक्राणूंची मोजणी करून भिंतीजवळची गर्दी नोंदवली होती.

कारणं दोन सांगितली जातात आणि दोघांचे समर्थक आपापसांत भांडतात. पहिलं अगदी साधं : सरळ पोहणारा कधी ना कधी भिंतीला धडकतो आणि त्याला परत वळवणारं तिथे काही नसतं. दुसरं द्रवाचं : ढकलणारा जीव भिंतीला समांतर झाला की बाजूंनी आत ओढलेल्या पाण्यामुळे तो भिंतीकडेच खेचला जातो. मला दोन्ही एकाच वेळी खरी वाटतात. अगदी भिंतीला टेकल्यावर धडक महत्त्वाची, थोडं दूर पाणी महत्त्वाचं.

आता गोल फिरणं. मघाचं आठवा : शेपटी एकीकडे फिरते, अंग दुसरीकडे. भिंतीजवळ फिरणारी वस्तू जमिनीवरच्या चाकासारखी थोडी घरंगळते. अंग उजवीकडे घरंगळू पाहतं, शेपटी डावीकडे. बैलगाडीचं जू एकाने उजवीकडे आणि मागचा भाग दुसऱ्याने डावीकडे ओढला तर गाडी जशी वळेल, तसा जिवाणू वळत राहतो. काचेजवळच्या ई. कोलायला पाण्याच्या बाजूने पाहिलं तर तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वर्तुळं काढतो. पाणी आणि हवा जिथे भेटतात त्या मोकळ्या पृष्ठभागाशी वर्तुळं उलट दिशेची होतात. जीव तोच, मोटर तीच. सीमा बदलली आणि दिशा बदलली.

‘सर्वांत वेगवान शुक्राणू शर्यत जिंकतो’, हे कितपत खरं?

शर्यत हे रूपकच मला पटत नाही. मानवी शुक्राणू पन्नास-साठ मायक्रॉन लांब असतो आणि त्याला जायचं असतं त्याच्या लांबीच्या हजारो पट अंतर. त्यातला बराच प्रवास गर्भाशयाच्या आकुंचनांवर होतो. आणि वाट दाखवण्यातही द्रवाचा हात असतो. शुक्राणू भिंतीलगत पोहतो तेव्हा डोकं भिंतीशी आणि शेपटी किंचित बाहेर, जिथे प्रवाहाला वेग जास्त. प्रवाह शेपटीला आपल्या दिशेने लोटतो आणि डोकं आपोआप प्रवाहाच्या विरुद्ध वळतं. देवळाच्या कळसावरची ध्वजा जशी वाऱ्याने मागे उडते, तसंच. मग पोहत राहिलं की झालं, प्रवाहाविरुद्ध चढण.

मिकी आणि क्लॅपहॅम यांनी २०१३ मध्ये उंदरांत दाखवलं की समागमानंतर अंडवाहिनीतून द्रव खाली वाहू लागतो आणि शुक्राणू त्याच्या विरुद्ध वर जातात. प्रवाह फार वाढला तर मात्र सगळेच वाहून जातात. म्हणजे अडथळा वाटतो तोच प्रवाह इथे होकायंत्र आहे.

जिवाणूही प्रवाहाविरुद्ध जातात का? मग नळ्यांमधून संसर्ग...

जातात. भिंतीलगत ई. कोलाय वर सरकताना २००७ मध्ये टिपलं गेलं आहे. मूत्रमार्गात घातलेल्या नळीतून लघवी खाली वाहते, तरी जंतू वर पोहोचतात. त्यात पोहण्याचा वाटा असू शकतो, पण भिंतीवर थर करून वाढत जाणं हेही तिथे मोठं कारण असतं. नळीची स्वच्छता आणि ती वेळेवर काढणं, याला पर्याय नाही.

भर प्रवाहात, भिंतीपासून दूर, काय होतं?

लांबट जीव कोलांट्या खातो. प्रवाह सगळीकडे सारख्या वेगाचा नसतो. नळीच्या मध्यात जास्त, कडेला कमी. त्यामुळे अंगाच्या एका टोकाला जास्त ढकल बसते. जॉर्ज जेफरी यांनी १९२२ मध्ये याचं गणित केलं : लांबट कण बराच वेळ प्रवाहाला जवळपास समांतर राहतो, मग एकदम पलटी खातो, पुन्हा समांतर. जेफरींचा कण निर्जीव होता. त्याला पोहण्याची ताकद दिली की वेगाचा फरक जिथे मोठा असतो तिथे, म्हणजे कडेकडे, तो अडकतो. २०१४ च्या एका प्रयोगात याच कारणाने नळीच्या मधला भाग जिवाणूंनी बराचसा रिकामा केलेला दिसला. कुणीही त्यांना तिथून हाकललं नव्हतं.

हिरव्या पाण्याच्या बाटलीत वरून खाली उतरणारे धागे दिसतात, ते काय?

हे तुम्ही पाहिलं असेल तर नजर चांगली आहे. क्लॅमिडोमोनाससारख्या शेवाळांचं बूड थोडं जड असतं. तळाशी शिसं भरलेल्या बाहुलीसारखं त्यांचं तोंड आपोआप वर राहतं, म्हणून ती वर पोहतात. पण पेशी पाण्यापेक्षा काही टक्के जड असते. पृष्ठभागी दाटी झाली की तो थर जड होतो आणि बोटांसारख्या धारांनी खाली कोसळतो. पेशी पुन्हा वर पोहतात, पुन्हा कोसळतात. याला जैवसंवहन म्हणतात.

गंमत पुढे आहे. जॉन केसलर यांनी १९८५ मध्ये असं पाणी उभ्या नळीतून खाली वाहू दिलं. सगळ्या पेशी नळीच्या मध्यात एका हिरव्या दोऱ्यात जमल्या. प्रवाह वर वळवला तर त्या भिंतीकडे पळाल्या. गुरुत्व तोंड वर करू पाहतं, प्रवाह ते बाजूला कलवतो. या ओढाताणीत तोंड जिकडे स्थिरावतं तिकडे पेशी पोहते.

आणि खवळलेल्या समुद्रात?

समुद्रातले सर्वांत लहान भोवरेसुद्धा साधारण मिलिमीटर ते सेंटिमीटरचे असतात. त्याहून लहान जीवाला खवळ कळतच नाही. त्याला फक्त आपल्याभोवतीचं पाणी एका बाजूने दुसऱ्यापेक्षा जरा जास्त सरकतंय, एवढंच जाणवतं. पण तेवढंही पुरेसं ठरतं. पाण्याचे थर एकमेकांवरून जोरात घसरत असले की वर पोहणाऱ्या पेशी तिथे कोलमडून अडकतात. समुद्रात काही सेंटिमीटर ते काही मीटर जाडीचे आणि किलोमीटरभर पसरलेले शेवाळांचे पातळ थर सापडतात, त्यांचं हे एक कारण २००९ मध्ये मांडलं गेलं.

कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

आहे, जरा तिरकस. पावसाळ्यानंतर, विशेषतः नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, कोकण किनाऱ्यावर आणि कधी अगदी जुहूलाही दिसणारी चमक बहुतेकदा नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाची असते. हा गोलमटोल जीव अर्धा-एक मिलिमीटरचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांनीही ठिपक्यासारखा दिसणारा. त्याला धड पोहता येत नाही. हलक्या क्षारांनी भरलेला फुगा होऊन तो तरंगतो. पण लाट फुटते तेव्हा पाण्याच्या ओढाताणीने त्याचं आवरण दाबलं जातं, त्यातून विजेचा एक संकेत धावतो, आत आम्लता वाढते आणि सेकंदाच्या दहाव्या भागात प्रकाश पडून विझतो. द्रवाचं बळ डोळ्यांना थेट दिसण्याची ही जागा. ओल्या वाळूवर पाय आपटला तरी ही चमक उमटते.

पावसाळ्यातला ‘लेप्टो’ चिखलात कसा पोहतो?

लेप्टोस्पायरोसिसचा जिवाणू लेप्टोस्पायरा हा मळसूत्री, केसापेक्षा कितीतरी बारीक. त्याच्या मोटारी आणि दोरे अंगाबाहेर नसतात, आवरणाच्या आत असतात. त्यामुळे अख्खं अंगच फिरतं. १९७५ मध्ये दिसून आलं की दाट द्रवात तो साध्या पाण्यापेक्षा जास्त वेगाने जातो. बुचाचा स्क्रू हवेत नुसता फिरतो, बुचात रुतला की पुढे जातो, तसंच. मऊ पडलेली त्वचा, जखम, डोळ्यांचं अस्तर, अशा ठिकाणांहून तो आत शिरतो. म्हणून तुंबलेल्या पाण्यातून किंवा भातखाचरातून चालताना पायाला जखम असेल तर ती झाकणं आणि ताप आल्यास डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचं आवर्जून सांगणं महत्त्वाचं.

पोटात अल्सर करणारा हेलिकोबॅक्टरही स्क्रूसारखाच घुसतो ना?

वर्षानुवर्षं असंच सांगितलं जायचं. पण जठरातला श्लेष्मा (आतल्या अस्तरावरचा बुळबुळीत थर) आम्लात जेलीसारखा घट्ट असतो आणि त्यात हा जिवाणू अडकून पडतो, दोरे फिरत असले तरी. २००९ मध्ये उलगडलं की तो युरियापासून अमोनिया बनवून आजूबाजूचं आम्ल मारतो. त्याने जेली पातळ होते आणि मग तो साधेपणाने पोहतो. अंगाच्या पिळाचा फायदा थोडासाच.

असे पोहणारे सूक्ष्म यंत्रमानव खरंच बनतात का?

बनतात. २००९ मध्ये अंबरीश घोष आणि पीअर फिशर यांनी काचेचे दोन मायक्रॉनांच्या आसपास लांबीचे मळसूत्री तुकडे फिरत्या चुंबकीय क्षेत्राने हवे तसे चालवले. घोष पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत हेच काम करू लागले. शरीरात औषध नेमक्या जागी नेणं हे ध्येय. बातम्यांत ते उद्यावर आलेलं असतं, पण रक्ताचा प्रवाह, भिंती, चिकट द्रव हे वरचे सगळे प्रश्न त्यांनाही सोडवायचे आहेत.

घरी यातलं काही करून पाहता येईल?

दोन गोष्टी. मेडिकलमधून ग्लिसरीन आणा. उंच पेल्यात ते भरून एक सुई उभी आणि एक आडवी सोडा. उभी लवकर उतरते. तिसरी तिरपी सोडा आणि ती बाजूला कशी सरकते ते पाहा. कशाभिकेचं सगळं रहस्य त्या सुईत आहे.

दुसरी : मोठ्या पारदर्शक पेल्यात छोटा पेला मधोमध ठेवून मधल्या फटीत ग्लिसरीन भरा. थोड्या ग्लिसरीनमध्ये खायचा रंग कालवून सिरिंजने एक ठिपका त्यात सोडा. आतला पेला अगदी सावकाश दोन-तीन फेरे फिरवा. ठिपका फासून नाहीसा होईल. आता तेवढेच फेरे उलटे. ठिपका परत येतो, कडा जरा धूसर होऊन. हात डळमळला की फसतं, दोन-चार वेळा करा. स्कॅलॉप का अडकतो ते याने जितकं कळतं तितकं माझ्या वरच्या परिच्छेदाने कळणार नाही.

थेंबात काहीतरी हलतंय. ते पोहतंय हे कसं ओळखायचं?

सगळेच ठिपके एकाच दिशेने चालले असतील, तर तो थेंब सुकताना होणारा प्रवाह आहे. झाकणकाचेच्या कडा व्हॅसलीनने बंद करा. ठिपका जागच्या जागी थरथरत असेल, तर ते रेणूंचे धक्के. शाईचे निर्जीव कणही तसेच थरथरतात, शेजारी एक थेंब शाईचा ठेवून ताडून पाहा. दोन शेजारी ठिपके वेगवेगळ्या दिशांना जात असतील आणि त्यातला एखादा प्रवाहाच्या उलट निघाला असेल, तर तो पोहतोय. त्याला नजरेत धरून ठेवा आणि काचेजवळ आल्यावर कुठल्या बाजूला वळतो ते पाहा.